तारीख नसलेलं पत्रक

एकचुलीच्या घराचा इतिहास म्हणून जे जाडजूड पुस्तक निघालंय, त्यात एका पानावर लिहिलंय की सुरुवातीच्या वर्षांत संस्थेची वाढ मुख्यतः छपाईमुळे झाली. एवढंच. पुढच्या परिच्छेदात गाईगुरं सुरू होतात. मी ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. छपाईमुळे झाली म्हणे. जशी काही छपाई आपली आपण सकाळी उठायची, एप्रन बांधायची आणि संध्याकाळी कंबर धरून जिना चढायची. छपाई म्हणजे माझी मावशी होती. तिचं नाव त्या पुस्तकात नाही, आणि तिनेही ते घातलं नसतं, म्हणून मीही घालत नाही. तिथे तिला सगळे छापबाई म्हणत.

मावशी आणि माझी आई एका छापखान्यात वाढल्या. छापखाना म्हणजे पुढच्या खोलीत पायाने चालवायचं एक मशीन, भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या पेट्या, आणि मधे उरेल त्या जागेत संसार. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक उचलून ओळीत जुळवायचं, छापून झालं की पुन्हा ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचं. आजोबांनी थोरलीला मशीन शिकवलं आणि धाकटीला खिळे. मरताना वाटणीही तशीच केली. मशीन आईला, खिळे मावशीला. एकीवाचून दुसरीचं अडावं आणि दोघींनी कायम एका घरात राहावं, असा त्यांचा बेत. माणूस हुशार होता, पण स्वतःच्या पोरींना ओळखत नव्हता.

एके दिवशी त्या छापखान्यात एकचुलीच्या घराचे थोरले आले. त्यांना तेव्हाही सगळे थोरलेच म्हणत. आधी ते वखारीत वजनकाट्यावर कामाला होते. वखार बंद पडली तेव्हा तिथेच काही माणसं घेऊन राहू लागले. सगळ्यांनी मिळून राबायचं, मिळून प्रार्थना करायची, ज्याच्याकडे जे असेल ते सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं जेवण एका चुलीवर. त्यांना एक पत्रक छापून हवं होतं.

"पैसे?" आईने विचारलं.

"पैसे नाहीत."

"मग शाई पण नाही," आई म्हणाली आणि पायाने मशीन चालवायला लागली.

तोवर मावशीने त्यांच्या हातातला कागद घेऊन अर्धा मजकूर जुळवला होता. मजकूर लहानच होता. 'थकलात? या. इथे चूल एकच आहे आणि जागा आहे.' खाली नदीपलीकडच्या वखारीचा रस्ता. आईने मशीनला हात लावू दिला नाही, म्हणून मावशीने खिळ्यांवर रुळाने शाई फिरवली, वर कागद ठेवला आणि तळव्याने दाबला. उचलताना कोपऱ्यावर तिचा काळा अंगठा उमटला. ते त्या पत्रकाचं पहिलं प्रूफ.

मावशी वखारीत राहायला जाते म्हणाली आणि रात्री दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आईचं म्हणणं, कोणीही येऊन काहीही सांगतो आणि तुला पटतं. मावशी म्हणाली, "वाचताना माणूस पुढे पळतो गं, ताई. जुळवताना प्रत्येक अक्षरापाशी उभं राहावं लागतं. तू एकदा जुळवून बघ."

"आणि खिळे नेलेस तर हे मशीन काय मी पुजू?"

"मशीन घेऊन तू पण चल."

"परत आलीस तर दार उघडायची नाही मी," आई म्हणाली.

सकाळी मावशीने पेट्या हातगाडीवर चढवल्या आणि ती गेली. अंगठा उमटलेला कागद मशीनवर ठेवून गेली. आईने तो फाडला नाही. आरशाच्या मागे खोचला. मशीन विकलंही नाही. खिळ्यांशिवाय मशीन म्हणजे एक लोखंडी अडगळ, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आई त्यावर कपडे वाळत घालायची आणि पोटासाठी कागदी पिशव्या चिकटवायची. पुढे तिचं लग्न झालं, वडील याच घरात राहायला आले, मी झाले, ते लवकर गेले. वेणी घालताना आरशाच्या कडेखालून मला तो अंगठा दिसायचा.

"हा कोणाचा?" मी विचारायचे.

"एका मूर्खाचा. मान हलवू नकोस."

पलीकडे काय झालं ते मला पुढे कडीकाकांकडून कळलं. ते तिथल्या फाटकावर असत, म्हणून हे नाव. थोरल्यांचं बोलणं चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण आवाज असा बारीक, की तिसऱ्या रांगेतल्या माणसाला नुसते ओठ हलताना दिसायचे. मावशी येण्याआधी त्यांची सगळी मंडळी एका सतरंजीवर मावत होती. मग कोणीतरी हाताने दाबायचं एक जुनं यंत्र दान दिलं, आणि तो बारीक आवाज कुठल्या कुठे पोचला. पत्रकं होडीच्या धक्क्यावर वाटली गेली, दवाखान्यातल्या बाकांवर ठेवली गेली, दुकानदार त्यात साबण बांधून देऊ लागले. लोक साबण घरात ठेवायचे आणि कागद वाचून नदीकडे चालू लागायचे. बेकरीवाला आला, दोन शिंपी आले, एक अख्खं कुटुंब कोंबड्यांसकट आलं.

थोरल्यांची एक खोड होती. बोलायला लागले की वाक्य संपवायचं विसरायचे. मावशीचे खिळे बिलं आणि जाहिराती छापण्यापुरते, ते अर्ध्या वाक्यातच संपायचे. मग अक्षरं संपली की ती वाक्यही संपवून टाकायची आणि प्रूफ नेऊन दाखवायची. थोरले वाचायचे आणि म्हणायचे, "हो, मला असंच म्हणायचं होतं." इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या मोजक्या, धारदार शैलीवर अख्खं प्रकरण आहे. असू दे.

पत्रकावर नाव नाही आणि तारीखही नाही, हा थोरल्यांचा नियम. नाव घातलं की माणूस फुगतो, तारीख घातली की कागद शिळा होतो, आणि खरी गोष्ट कधी शिळी होत नाही. ऐकायला छान वाटतं. मावशीलाही वाटलं. छापखान्यात वाढलेल्या बाईला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण तिला त्या दिवसांत काहीच खटकत नव्हतं. ती सुखी होती, असं कडीकाका सांगतात. नवं माणूस हातात पत्रक घेऊन फाटकाशी आलं की ती शाईच्या हातांनी बाहेर यायची आणि आलेल्या बायकांमध्ये एक तोंड शोधायची. 'माझी ताई येईल' हे तिने फक्त कडीकाकांना सांगितलं होतं. ताई आली नाही. बाकी सगळं जग आलं.

आणि येतच राहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वखार काही रबराची नव्हती. आधी व्हरांडे भरले, मग शिडीखालची जागा. एका खाटेवर दोन पाळ्या झाल्या. मावशीची खाट बेकरीतल्या बाईबरोबर होती. ती पहाटे भट्टीवरून यायची तेव्हा मावशीने उठायचं, गादी गरम असतानाच. चूल एकच ठेवायची होती, म्हणून पातेलं मोठं होत गेलं आणि पातेल्यातलं पाणी वाढत गेलं. जेवायला रांग, आंघोळीला रांग, प्रार्थनेला उभं राहायलाही रांग. तिथे कोणी वाईट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन सोडून तरी जाता आलं असतं. सगळे चांगले होते आणि सगळे दमलेले होते. मावशी तर दिवसभर उभीच असायची. शिशाने बोटांची टोकं काळी पडली होती, ती धुऊन निघत नव्हती. वाकून वाकून मानेत गाठ आली होती. डोळ्यांना अक्षरं जोडजोडीने दिसायला लागली होती. काम दुसऱ्याला द्या, असं ती कधी म्हणाली नाही, आणि तुम्ही बसा, असं कोणाला सुचलं नाही.

थोरले गेले. कारभार बघणाऱ्या मंडळींनी ठरवलं, आता बास. मावशीला नवं पत्रक जुळवायला दिलं. 'आधी पत्र पाठवा. उत्तर आल्यावरच या.' तिने जुळवलं, छापलं. पण जुनी पत्रकं परत कशी बोलावणार? ती कोणाच्या पेटीच्या तळाशी होती, कोणाच्या पुस्तकात खूण म्हणून होती, कोणी मरताना लेकाच्या हातात दिली होती. तारीख नसल्यामुळे ती सगळी आज सकाळीच छापल्यासारखी होती. शिळी होत नव्हती ना. लोक यायचे आणि कागद पुढे करायचे.

"जागा आहे असं लिहिलंय," म्हणायचे.

"ते जुनं आहे," कडीकाका म्हणायचे.

"कुठे लिहिलंय जुनं म्हणून? छापलेलं खोटं कसं असेल?"

कडीकाकांचं कोणी ऐकेना. फाटकावरच्या माणसापेक्षा छापील कागदावर लोकांचा जास्त विश्वास. मग त्यांनी एकदा मावशीला हाक मारली, आणि जिने छापलं तिनेच सांगितल्यावर लोक गप्प होऊन परत फिरले. तेव्हापासून ते कामही तिच्या गळ्यात पडलं. जिने बोलावलं, तिनेच घालवायचं.

सुरुवातीला ती फाटक उघडून बोलायची, पाणी द्यायची, आपल्या वाट्याचं जेवणही द्यायची. एकदा एक म्हातारा आला. तिचं ऐकून घेतलं, पत्रकाची नीट घडी केली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "बाई, हे तुमचं तुमच्याकडे असू द्या." त्यानंतर तिने तोंडाकडे बघणं सोडलं. फाटकाला हाताएवढी खिडकी होती. तिच्यातून कागद आत घ्यायचा, कागदाकडे बघायचं, सांगायचं आणि आपल्या कामाला परत जायचं. जुनी पत्रकं ती फेकत नसे. कोऱ्या बाजूवर प्रुफं काढायला ठेवायची. कागदाचीही टंचाई होती.

इकडे आमच्या घरात एकदा साबण आला, तो त्या नव्या पत्रकात बांधलेला. आईने साबण बाजूला ठेवला आणि कागद उजेडात धरून बघत राहिली. तिचं वाचणं एका दमात व्हायला हवं होतं, दोनच तर ओळी होत्या. पण ती वाचत नव्हती.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"ओळ वर-खाली झालीय. झिजलेली अक्षरं तशीच लावलीत." मग कागद आणखी जवळ धरून म्हणाली, "बाबांनी हात फोडला असता असं काम केलं तर. हिचे डोळे गेलेत."

दुसऱ्या दिवशी तिने आरशामागचा कागद काढला आणि बाहेर जायच्या चपला घातल्या. तिचे पाय तेव्हा सुजलेले असायचे. दोन घरं पलीकडे जायचं तरी कुरकुर. मी म्हटलं, अगं, नव्या पत्रकात लिहिलंय आधी पत्र पाठवा म्हणून. एवढ्या लांब जाशील आणि परत पाठवतील.

"सख्ख्या बहिणीला भेटायला अर्ज करू?" आई म्हणाली. "माझ्याकडे जो कागद आहे त्यावर 'या' लिहिलंय."

होडीने नदी ओलांडून, पुढे गाडीने आणि मग चालत ती वखारीपाशी पोचली. फाटक बंद. कडीकाकांनी खिडकी उघडली, आईने काही न बोलता कागद आत सरकवला. त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली.

"छापबाई, जरा येता का? जुनं पत्रक घेऊन एक बाई आल्यात."

मावशी हातातलं अर्धवट काम ठेवून आली. कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला, मजकूर ओळखला, तिला तेवढंच पुरे होतं. खिडकीकडे न बघता म्हणाली, "हे जुनं आहे. आता जागा नाही."

आई नंतर म्हणाली की आवाज तिचाच होता, फक्त आतलं सगळं काढून घेतल्यासारखा होता. आई बोलली नाही. बोलायला हवं होतं, हे मी तिला हजारदा सांगितलं. पण ती आमची आई. जी दार न उघडण्याची धमकी देऊन बसली होती, तिच्यासमोर दुसऱ्या बाजूने खिडकी बंद झाली, आणि ती वळून चालायला लागली.

मावशी जागेवर परत आली. जुळवलेला मजकूर पट्ट्यांनी आवळला, शाई फिरवली, हातातलाच कागद उलटा करून वर घातला आणि दाबला. प्रूफ उचलून नजरेसमोर धरलं. चुका शोधायला उजेडाकडे फिरवलं, तेव्हा कागदाच्या पलीकडच्या बाजूचा कोपरा दिसला. त्यावर काळा अंगठा होता. तिने आपला अंगठा त्याच्यावर ठेवून बघितला नाही की काही नाही. असा कागद जगात एकच होता, आणि तो तिने कुठे ठेवला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती तशीच निघाली. कडीकाका सांगतात, त्या बाईला पळताना त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. एप्रन बांधलेला, एका हातात खिळे जुळवायची लोखंडी पट्टी, दुरुस्तीला घेतलेल्या खिळ्यांसकट तशीच. तिथला नियम असा, की बाहेर जायचं तर आदल्या दिवशी सांगून जायचं. न सांगता जो गेला तो बाहेरचा. कडीकाका "अहो, अहो" म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर होती.

आई फार लांब गेली नव्हती. पहिल्याच वळणावर गाडीच्या थांब्याचा बाक होता, तिथे चपला काढून बसली होती.

"ताई," मावशी धापा टाकत म्हणाली.

आईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किती वाळलीस."

"मी बघितलंच नाही तुझ्याकडे. कागदाकडे बघून बोलले."

"कळलं ते."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू म्हणालीस जागा नाही. मला कुठे जागा हवी होती?" आई म्हणाली. "मी राहायला नव्हते आले. तुला बघायला आले होते. दोन ओळी धड सरळ लावता येत नाहीत तुला आता."

मावशी बाकावर बसली आणि रडायला लागली. जी माणसं तिने खिडकीतून परत पाठवली, त्या सगळ्यांचं त्यात असावं. ताईचं तर होतंच. आईने तिला थोपटलं वगैरे नाही, तसं आमच्याकडे कोणाला जमत नाही. तिच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि खाली सांडलेले दोन-तीन खिळे, सुजलेल्या पायांनी वाकून, उचलले.

"थकलीस?" तिने विचारलं.

"हो," मावशी म्हणाली. हा प्रश्न तिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी छापला होता. तिला तो कोणी विचारला नव्हता.

"चल मग."

"हे खिळे आता सगळ्यांचे आहेत, माझे नाहीत. देऊन येते. आणि ते काम पण अर्धं पडलंय."

दोघी फाटकापाशी परत आल्या. मावशीने खिडकी वाजवली. कडीकाकांनी उघडली, तिला बघितलं आणि बिचाऱ्यांची पंचाईत झाली. मागे कारभाऱ्यांपैकी कोणीतरी उभं होतं. नियमाने ती आता बाहेरची होती, आणि बाहेरच्याला काय विचारायचं ते ठरलेलं होतं. मान खाली घालून त्यांनी विचारलं, "पत्र पाठवलं होतं का?"

अति झालं आणि हसू आलं, तसं मावशीला झालं. ती खिडकीला धरून हसत राहिली. कडीकाका म्हणाले, "नियम आहे, छापबाई. तुम्हीच छापलाय."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. एप्रन सोडला, त्यात पट्टी आणि खिळे गुंडाळले आणि खिडकीतून आत दिले. "पुढच्या पत्रकावर तारीख घाला म्हणावं." कडीकाकांनी ते गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं.

त्या दोघी घरी पोचल्या तेव्हा अंधार पडत होता. मी दार उघडलं. आई मागे होती, आणि पुढे एक बारीकशी बाई, मानेत वाकलेली, काळ्या बोटांची. माझ्या खांद्यावरून तिने आत बघितलं. मशीन होतं तिथेच होतं, वर माझे ओले कपडे. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली आणि जशी कोणी परकी बाई विचारेल तसं तिने मला विचारलं, "जागा आहे का?"

आई मागून म्हणाली, "आत सरक गं. माझे पाय दुखतायत."